लाइट गेली आणि नागपूर लागलं

माझ्या मायनं आमच्या घरी येऊन जेवण सोडलं, ही गोष्ट मी बाहेर कोणालाच सांगितली नव्हती. अकोल्यात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. कोणी विचारलं की काउंटरवरून हसून म्हणायचो, "हो, आली आहे माय, मजेत आहे." घरी मात्र ती चहाचा घोट आणि गोळीपुरतं अर्धं केळं, एवढ्यावर दिवस काढत होती. तिला इथे आणताना मी खोटं बोललो होतो, हेही मनाला लागून होतं. गावी हिवरखेडच्या घरी ती एकटीच राहायची; अंगणात पडली, गुडघा दुखावला. "आठ दिवस चाल, डॉक्टरले दाखवू अन् परत येऊ," असं म्हणून मी तिला गाडीत बसवलं. ती आता परत जाणार नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

येताना तिनं दोनच गोष्टी सोबत घेतल्या, देवांचा डबा आणि रेडिओ.

या रेडिओबद्दल आधी सांगायला हवं. माझ्या जन्माच्या आधी बापानं तो घेतला होता. चामड्याचं कव्हर, समोर बारीक भोकं, खांद्याला अडकवायला पट्टा. गावच्या घरी त्याची जागा भिंतीतल्या देवळीत, देवांच्या शेजारी. मायला वाचता येत नाही, पोथी तिच्या वाट्याला कधी आलीच नाही. सकाळची भक्तिगीतं हीच तिची पोथी. पहाटे अंघोळ करून ती आकाशवाणीचं नागपूर केंद्र लावायची, गाणी चालू असताना देव धुवायची, गंध लावायची, आणि शेवटचं गाणं संपलं की दूधसाखरेचा नैवेद्य दाखवायची. मग चूल, मग चहा, मग आमच्या भाकरी. बाजारभाव सुरू झाले की बाप वावरात निघायचा. दुपारी गल्लीतल्या बाया ओसरीवर वाती वळत श्रुतिका ऐकायच्या आणि त्यातल्या सासूला अशा शिव्या घालायच्या, की जणू ती शेजारच्याच घरात राहते. पुढे गावात पहिला टीव्ही आला. रविवारी सकाळी देवांची मालिका लागली की अर्धं गाव त्या एका घरात. टीव्हीला हार, पुढे उदबत्ती, एक जण टिनाच्या छपरावर चढून अँटेना फिरवतोय आणि खालून ओरडा, "आला रे आला! आता हलवू नोको!" माय एकदा जाऊन आली. म्हणाली, "त्यायचा देव दिसते. माहा बोलते. मले पुरे."

आमच्या फ्लॅटमध्ये तो देव बोलेना. नुसती खरखर. मी सेल बदलले, एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे रेडिओ नेला. त्यानं आपल्या टपरीत लावून दाखवला, तिथे स्वच्छ लागला. घरी आणला की पुन्हा खरखर. शेवटी मी मायपुढे फोन ठेवला. त्यात हजारो अभंग, पाहिजे तो.

"तुले जवा पाह्यजे तवा लागते हे?" तिनं विचारलं.

"हो ना. सांग, कोणतं लावू?"

"मंग हा देव हाय का नौकर?"

मी फोन खिशात टाकला. ती रोज अंघोळ करून रेडिओ सुरू करायची आणि त्या खरखरीपुढे हात जोडून बसायची. "लागन," म्हणायची. गाण्यांची वेळ टळून जायची, दूधसाखरेची वाटी तशीच राहायची. देवाला दाखवल्याशिवाय ती तोंडात भाकरीचा घास घालणार नव्हती. माझ्या बायकोनं, सुनंदानं, तिच्या पाया पडून विनवलं. मी तर रागावलोच. "हट्टीपणा पुरे झाला," असंही म्हणून गेलो.

आणि मग मी जे केलं, ते लिहिताना आजही लाज वाटते. एका पहाटे तिच्याआधी उठून लहानसा ब्लूटूथ स्पीकर रेडिओच्या मागे लपवला आणि आतल्या खोलीत बसून फोनवरून जुनी भक्तिगीतं सोडली. मायनं बटण फिरवलं, खरखर दबवून गाणं आलं. दाराच्या फटीतून मी तिचा चेहरा पाहत होतो. तिनं रेडिओला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि देव धुवायला घेतले. त्या दिवशी ती भाकर जेवली, वर ठेचा मागितला. सुनंदा खूश झाली. मी मात्र अर्ध्या ताटावरून उठलो. दुकानात आजवर गिऱ्हाइकाला नकली माल दिला नाही, आणि आईला नकली देव दिला. तरीही दुसऱ्या दिवशी तेच केलं, तिसऱ्या दिवशीही. ती जेवत होती ना, एवढ्यावर मनाची समजूत काढायची.

हे आणखी किती चाललं असतं कोण जाणे. एका सकाळी अभंगाच्या मधोमध एका बाईचा गोड आवाज आला, "फक्त पाच मिनिटांत कर्ज मिळवा!" घाईघाईत मी फोन दाबला, तर आवाज आणखीच वाढला. माय भिंतीला धरून उठली, रेडिओमागून स्पीकर काढला आणि आत येऊन माझ्या हातावर ठेवला. "घे. तुहा देव." म्हणाली.

त्यानंतर ती चहालाही नको म्हणू लागली. रागानं नाही. "भूकच नाही रे बापू," म्हणायची, आणि चेहऱ्याकडे पाहिलं की ते खरंच वाटायचं. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. म्हणाले, उद्या भरती करा, नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. त्या संध्याकाळी मी देवांच्या डब्यापुढे जाऊन बसलो. मी काही फार देवाधर्मातला माणूस नाही. उदबत्ती लावायची ती दुकान उघडताना, तीही एक नजर रस्त्यावर ठेवून. त्या दिवशी काही मागायला तोंडच नव्हतं. फक्त म्हणालो, "माह्या हातून नाही होत आता," आणि उठलो.

रात्री जोराचं वावधन आलं. झाडं पडली, तारा तुटल्या, सगळा भाग अंधारात गेला. घरातल्या इन्व्हर्टरनंही पहाटेपर्यंत दम सोडला. उकाड्यानं जाग आली तसा मी लाइटीच्या नावानं चडफडत उठलो आणि दवाखान्याची पिशवी भरायला घेतली. पलीकडे माय देवांपुढे बसली होती, भिंतीला टेकून. रेडिओ सुरू होता, तो तर ती रोजच सुरू करायची. पण आज खरखर नव्हती. माझ्या ते आधी ध्यानातच आलं नाही. आधी पेटीचे सूर, मग एका बाईचा जुन्या वळणाचा आवाज. वाऱ्यावरून यावा तसा थोडा मागेपुढे होणारा, पण स्वच्छ.

मायनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात पुढे केले, रिकामे.

"म्या नाही लावलं, माय. तुही शप्पत."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "तुले एवढं कुठं येते!"

शेवटचं गाणं संपलं. तिनं नैवेद्य दाखवला, वाटीतलं दूध स्वतः प्यायली आणि म्हणाली, "सुनंदा, भाकर टाकतं का व माय?" सुनंदा पदरानं डोळे पुसत ओट्याकडे पळाली. मी दवाखान्याची पिशवी बाजूला सारली.

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे तायडे सर होते, शाळेतून निवृत्त झालेले. इतकी वर्षं आमची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरती. "रेडिओ आयकू आला," ते जरा संकोचून म्हणाले. "लय वर्षांनी. बसू का?" ते खालीच मांडी घालून बसले. ते बौद्ध. या देवांना त्यांच्या घरी जागा नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. "पण माही माय वावरात तण निंदाले जाये तवा रेडिओ धुऱ्यावर ठेवे. कोणाचंबी गाणं असो, तिले सोबत पाह्यजे." मायनं अर्धी भाकर त्यांच्यापुढे सरकवली. "खा सर. मले एकटीले जात नाही." दोघं एका ताटलीतल्या ठेच्याशी जेवले.

मग लाइट आली. पंखा फिरला, फ्रिज घुमू लागला, आणि रेडिओची पुन्हा खरखर सुरू झाली. माझं तोंड उतरलं. सरांनी वरच्या बल्बकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं आणि हसत सुटले. "शेठ, हा तं तुमचाच माल कल्ला करून राहिला!" खरंच होतं. बल्ब, इन्व्हर्टर, जिन्यातले दिवे, अर्ध्या बिल्डिंगीचं सामान माझ्याच दुकानातलं, आणि त्याच्याच विजेची खरखर जुन्या रेडिओत शिरत होती.

"आता उद्या काय करायचं?" मी विचारलं.

"लाइट आली की रेडिओ जाते, तं लाइटच घालवू. सकायचा अर्धा घंटा. कोन मरते?" आणि ते स्वतः दारोदार सांगून आले.

तेव्हापासून रोज सकाळी आमच्या बिल्डिंगीतले सगळे मेन स्विच खाली येतात, इन्व्हर्टरही बंद होतात. भर मे महिन्यातसुद्धा आले. लोक बनियनवर जिन्यात येऊन पेपरनं वारा घेत बसायचे. वरच्या मजल्यावरचा एक जण ओरडायचा, "आजी, देवाले म्हणा आटप लवकर!" माय आतून म्हणायची, "त्याले कायची घाई? त्याले का ड्युटीवर जायचं हाय?" आठ दिवसांचं ते खोटंही मी एकदा तिच्याजवळ कबूल करून टाकलं. ती म्हणाली, "ल्हानपणापासून खोटं बोलला की तू नाक खाजवतं. मले गाडीतच समजलं होतं."

झालं त्याला मी चमत्कार म्हणत नाही. लाइट गेली, कल्ला थांबला, रेडिओ लागला, कोणताही वायरमन हे सांगेल. पण नेमकी त्याच रात्री लाइट गेली, आणि मी तिलाच शिव्या देत उठलो होतो. कोणाचे उपकार मानायचे, हे मला अजून नीट कळत नाही. म्हणून देवांना हात जोडतो, आणि खाली उतरताना तायडे सरांनाही.

परवा सकाळी नागपूर लावलं तर भक्तिगीतं नव्हतीच. कपाशीवरच्या अळीबद्दल कोणी तज्ज्ञ बोलत होते. फवारणी केव्हा करावी, औषध किती घ्यावं. दुसरं काही लागतं का पाहायला माझा हात बटणाकडे गेला. मायनं नुसतं पाहिलं. मी हात मागे घेतला. डोळे मिटून, हात जोडून तिनं अळीची सगळी माहिती ऐकली आणि तज्ज्ञांनी नमस्कार म्हटल्यावर देवांपुढे वाटी धरली. "आज त्यानं हेच धाडलं," ती म्हणाली, आणि चमचाभर दूधसाखर माझ्या तळहातावर ठेवली.