आरओनं धुतलेलं विरजण

बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात विरजणाचे जिवाणू वाढवायचे, धुवायचे आणि दुधात सोडायचे, हे माझं काम. नवे साहेब आले आणि त्यांना आमच्या बोअरच्या पाण्याची किळस आली. क्षारांमुळे भांड्यांवर पांढरे डाग पडायचे ना! त्यांनी आरओ बसवलं, त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि फर्मान काढलं: यापुढे जिवाणूसुद्धा याच पाण्यानं धुवायचे.

मी सांगून पाहिलं. दुधातली प्रथिनं तोडणारं या जिवाणूंचं विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीच्या आत नसतं. ते बाहेर, भिंतीवर बसलेलं असतं आणि त्याची पकड कॅल्शियमवर टिकते. कॅल्शियम नसलेल्या या आरओच्या पाण्यानं पुन्हापुन्हा धुतलं की ते सुटतं आणि धुवणाबरोबर मोरीत जातं. जिवाणू जिवंत राहतो, पण भर दुधात उपाशी. साहेब हसले. "मॅडम, स्वच्छ पाण्यानं कधी काही बिघडतं का?" एवढा आत्मविश्वास अज्ञानाशिवाय येत नाही.

दही वेळेवर लागेना. साहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या गुन्हेगार शोधला: लासुर्णे गावाहून येणारं दूध. खेडवळ माणसं, काहीतरी मिसळत असणार! तपासणीत काही निघालं नाही, तरी कॅन परत गेले. तिथं माझी वहिनी दूध घालते हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मी काही बोलले की तो पक्षपात.

वहिनीचा फोन आला. "वन्सं, केंद्रावर समद्यांम्होरं मला नासक्या दुधाची म्हनत्यात. तुमी तितं बसून करता काय?"

मी लासुर्ण्याचंच दूध मागवून दोन बाटल्या लावल्या. एकीत आरओनं धुतलेलं विरजण, दुसरीत गाळलेल्या बोअरच्या पाण्यानं धुतलेलं. दुसरीत चमचा उभा राहील असं दही लागलं, तेव्हा पहिलीत नुसतं दूध होतं. साहेबांनी दोन्ही हलवून पाहिल्या. मग बैठकीत "मला आधीपासून शंका होतीच" म्हणाले आणि जिवाणू पुन्हा बोअरच्या पाण्यानं धुवायला सांगितलं. लासुर्ण्याचं दूधही सुरू करा म्हणाले, जणू उपकारच. माफी मागायची असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी लगेच वहिनीला फोन लावला. "वहिनी, उद्यापासून दूध घाला."

"कशाचं घालू, वन्सं? म्हस इंदापूरच्या बाजारात दिली. नासक्या दुधाची म्हनून गावात कुनी दावनीला बांधून घेईना."