रंजनाबाईंच्या घरातलं लोकांचं सामान

…तर ते मुलाकडचे गृहस्थ त्या खुर्चीत बसले. बसले म्हणजे चांगले रेलून बसले. पोहे खाल्ले, बशीतला चहा फुर्र फुर्र करून प्यायले आणि खुर्चीच्या दांड्यावर थाप मारून म्हणाले, "मोठी आरामाची आहे हो खुर्ची तुमची! असलं लाकूड आता बघायला मिळत नाही."

काल इथंच हसू फुटलं आणि गोष्ट राहिली. आता नीट ऐका. ती खुर्ची होती केशवरावांच्या वडिलांची. म्हातारा शेवटी शेवटी अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच्यासाठी सुताराकडून करून घेतलेली शौचाची खुर्ची. मधोमध भोक आणि खाली भांडं सरकवायला पट्ट्या. म्हातारा गेला आणि केशवरावांनी ती रिक्षात घालून हैदराबादेतच जामबागेत चुलतभावाच्या घरी आणून ठेवली. चुलतभाऊ म्हणजे आपले उदयराव. त्यांनी भोकावर फळी टाकली, फळीवर गादी, गादीवर विणकामाचं कव्हर, आणि पोळ्याच्या बैलासारखी सजवून खुर्ची बैठकीत मांडली. लेकीला बघायला आलेला पाहुणा नेमका तिच्यातच बसला. रंजनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पाहुण्यानं थाप मारलेला हात तसाच पोह्यात घातला, आणि बाईंनी पदर तोंडाशी धरून मोरी गाठली.

ते स्थळ काही जमलं नाही. लेक मृण्मयी पुढं पुण्याला दिली, चांगल्या घरी पडली. खुर्ची मात्र बैठकीतच राहिली.

आता ही रंजनाबाई कोण, तर माहेर उदगीरचं, सासर हैदराबादचं, आणि स्वच्छतेचा असा सोस की जामबागेतल्या मराठी बायका त्यांना चहाला बोलावताना दहादा विचार करायच्या. बाई पेला उजेडाकडे धरून बघायची. कडेला तेलाचं बोट दिसलं तर "मला आत्ता नको, जळजळतंय," म्हणून खाली ठेवायची. गावाकडची आत्या म्हणायची, ही पोरगी पाणीसुद्धा धुऊन पिईल. आणि अशा बाईच्या वाट्याला घर आलं ते नामपल्ली स्टेशनाजवळचं!

घर भाड्याचं, तळमजल्यावरचं. जागा नव्हती पण पत्ता सोयीचा होता. नांदेडहून येणारा तिथं उतरायचा, पुण्याची गाडी धरणारा तिथून निघायचा, आणि जानेवारीत नुमाइशचं प्रदर्शन बघून पाय दुखलेले तर सरळ आत येऊन आडवे व्हायचे. निघताना प्रत्येकाच्या हाती एक नग जास्त असायचा. "उदय, एवढी ट्रंक राहू दे रे. पुढच्या खेपेला नेतो." उदयराव सरकारी कचेरीतला माणूस. तिथं म्हणे भल्याभल्यांना परत पाठवायचे, पण नातेवाइकाला नाही म्हणायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. "असू दे की," म्हणायचे. "लोकांची अमानत सांभाळणं पुण्याचं काम आहे."

ते पुण्य पलंगाखाली साचलं, माळ्यावर साचलं, न्हाणीघराच्या वरही साचलं. रंजनाबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांची माहेरची पेटी कुणाच्या तरी दोन पेट्यांखाली गेली. वरच्या दोन उतरवल्याशिवाय साडी निघेना, म्हणून बाईनं साड्या दोरीवर टाकल्या. केस पांढरे झाले तरी त्या दोरीवरच. पाहुणा हात धुऊन यायचा आणि टॉवेल समजून पदराला पुसायचा.

मग घरमालकानं जागा बिल्डरला दिली. उदयरावांनी दिलसुखनगरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तिसरा मजला, लिफ्टचा. रंजनाबाई बघायला गेल्या. भिंतीतलं पांढरं कपाट उघडून त्यांनी आत डोकं घातलं आणि वास घेतला. कसलाच वास नाही. ना उंदराचा, ना डांबरगोळीचा, ना कुणाच्या आजारपणाचा. बाई कितीतरी वेळ डोकं आतच घालून उभी. बाहेर आल्या त्या डोळे पुसत.

"इथं फक्त आपलं सामान येईल," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "दुसऱ्याची सुईसुद्धा नाही. आली तर मी यायची नाही, उदगीरला जाईन."

"बघू की," उदयराव म्हणाले.

मृण्मयीनं पुण्याहून फोनवरच सामान हलवणाऱ्यांना ठरवलं. त्यांचा जब्बारभाई यादी करायला आला. पोट सुटलेला, पानानं ओठ लाल, कानाला पेन. त्याची एक रीत होती. बंद पेटी तो यादीत लिहायचा नाही.

"खोलो अम्मा. बगैर देखे मैं नै लिखता. बाद में लोगां बोलते, उसमें चाँदी थी."

"तिच्यात चांदी नाही. नणंदेची आहे."

"तो भी खोलो."

पहिली ट्रंक नणंदेची, माधवीवन्संची. झाकण उचललं आणि असा दर्प आला की जब्बारभाईनं पान थुंकायला बाहेर धाव घेतली. आत वन्संचा लग्नातला शालू. त्याची जर कुरतडून कुरतडून उंदरानं घरटं केलेलं, आणि त्यात डोळे न उघडलेली गुलाबी पिल्लं वळवळत होती. रंजनाबाईंच्या टाळूपासून टाचेपर्यंत काटा आला.

जब्बारभाई लांबूनच म्हणाला, "अम्मा, जिंदा सामान का रेट अलग है."

मग एकनाथमामांची बरणी. मामा कोणे एके काळी मुलाकडे दिल्लीला गेले, जाताना "मुरायला ठेवलंय" म्हणून लोणचं ठेवून गेले. तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला तर वर पांढरी मऊ बुरशी, मांजराच्या पोटासारखी. आणि मांजराच्या पोटासारखीच ती हळूहळू वरखाली होत होती. रंजनाबाईंनी पदर नाकावर दाबला. उदयराव वाकून बघत म्हणाले, "वरचं काढलं तर खालचं चांगलं निघेल."

"मग खा. मी पोळी करून देते."

पावडरच्या डब्यात दातांची वरची कवळी निघाली. हिरड्यांच्या रंगाची, कडेला कसलंसं काळं वाळलेलं. कुणाची ते कुणाला ठाऊक नाही. उदयरावांनी ती खिडकीशी नेऊन न्याहाळली, "आमच्या बाबांची वाटते," म्हणाले, आणि तोच हात डोळ्यांना लावला. दुपारी कळलं की बाबा गेले ते सगळे दात शाबूत ठेवून. ओल्या-वाळल्या गाद्या निघाल्या, कुणाच्या पोरांनी त्यांवर नकाशे काढलेले. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या तळाला चिकटलेल्या. केस अडकलेला कंगवा निघाला, आणि ते केस मेंदीनं लाल. घरात मेंदी लावणारं कुणी नव्हतं.

जब्बारभाई गेल्यावर रंजनाबाई यादी घेऊन बसल्या. लोकांचं होतं त्यापुढं लाल खूण करत गेल्या. पानामागून पान लाल. बिनखुणेचं म्हणाल तर देव, भांडी, पलंग, शिवणयंत्र आणि ती माहेरची पेटी. लग्न करून इतकी वर्षं राहिलो कुठं, तर लोकांच्या अडगळीत! त्यांना उंदराची किळस आली होती, बुरशीची आली होती, पण त्या लाल पानांकडे बघून जी आली तिला काही औषध नव्हतं.

"फोन करा सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "येऊन न्या म्हणावं."

उदयरावांनी लावला. "हॅलो, केशवा! अरे, आम्ही घर बदलतोय… हो… ती खुर्ची रे, काकांची… नाही नाही, घाई काहीच नाही, सावकाश ने. बरं, रविवारी ये ना इकडे, सहकुटुंब ये."

फोन ठेवला. "येतोय म्हणाला."

"न्यायला?"

"जेवायला."

वन्संना लावला, तर त्यांनी उलट विचारलं, नव्या घराला माळा केवढा आहे. मामांनी सांगितलं, बरणी उन्हात ठेवू नका. संध्याकाळपर्यंत सगळ्यांशी बोलणं झालं, ख्यालीखुशाली झाली, आणि एकही वस्तू जागची हलली नाही. उलट एका भाच्यानं विचारलं, मामा, स्कूटर ठेवायला खाली जागा आहे का.

रंजनाबाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला. घराण्याचा एक ग्रुप होता त्यावर. दिल्लीपासून अमेरिकेपर्यंतची माणसं, नवे व्याही, नव्या सुना. रोज सकाळी तिथं गुलाबाची फुलं यायची. बाईंनी घसा खाकरला आणि पोथी वाचावी तशी, ठाय लयीत, आवाज भरून पाठवला:

"नमस्कार. मी रंजना. आम्ही घर बदलतो आहोत. सामानवाल्यांनी यादी केली ती सगळ्यांच्या माहितीसाठी वाचते. माधवीवन्संची ट्रंक एक. आत शालू एक. शालूत उंदरीण एक, पिल्लं मोजली नाहीत. एकनाथमामांची लोणच्याची बरणी एक. लोणचं जिवंत आहे. केशवभावजींच्या वडिलांची शौचाची खुर्ची एक, भांड्यासकट. भांडं धुऊन दिलं होतं असं भावजी सांगतात, मला तसं दिसत नाही. दातांची कवळी एक, वरची, कुणाची असेल त्यांनी तोंड उघडावं. जब्बारभाईंनी फोटो काढले आहेत, ते उद्या सकाळी टाकते. ज्यांनी सामान नेलं त्यांचं नाव यादीतून काढीन."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एकही गुलाब उमलला नाही.

पण दारात रीघ लागली! वन्संच्या नव्या सुनेनं ऐकलं होतं. वन्संनी नांदेडहून माणूस पाठवला, शालू जाळून टाक म्हणाल्या पण माझं नाव काढ. मामांनी दिल्लीहून फोन फिरवून इथल्याच ओळखीच्या कुणाला तरी धाडलं. तो बरणी हातभर लांब धरून, श्वास कोंडून गल्लीच्या टोकापर्यंत पळाला. कवळीला मालक भेटला नाही. ती बाईंनी चिमट्यानं उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकली आणि चिमटाही टाकला. केशवराव आले ते तिन्हीसांजेला, तोंड लपवत. खुर्चीवर चादर पांघरली, वर दोरी बांधली, आणि ऑटोत चढवायला लागले. ऑटोवाला मागं सरला.

"साब, मय्यत है क्या?"

"नै जी, कुर्सी है."

"तो मुँह कायकू ढाँके फिर?"

हे सगळं होताना उदयराव माजघरात भिंतीकडे तोंड करून बसलेले. "चार माणसांत माझी मान खाली घातलीस," म्हणाले. "बोलणं कसं काढू आता मी त्यांच्याशी?"

रंजनाबाई फरशी घासत होत्या. उठल्या नाहीत. "मला उंदराची किळस आली ती आंघोळ करून गेली," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या 'असू दे की'ची किळस जन्मभर आंघोळ करूनही गेली नाही. लोकांनी घरात घाण आणून टाकली आणि तुम्ही तिच्यावर विणकामाचं कव्हर घातलंत."

उदयराव उठले, नकाशेवाल्या गाद्या एकट्यानं ओढत बाहेर घेऊन गेले. त्यांच्या सदऱ्याला गाद्यांचा वास लागला. बाईंनी सदरा बादलीत बुडवला, पण चहाही ठेवला.

निघायच्या दिवशी जब्बारभाई मोठा ट्रक घेऊन आला. सामान चढलं तरी अर्ध्याच्या वर मोकळा. पेन कानाला लावून म्हणाला, "अम्मा, इत्ताच सामान? खाली ट्रक लेके जाना पड़ता." रंजनाबाई म्हणाल्या, "घेऊन जा. मला मोकळाच पाहिजे." माहेरची पेटी सगळ्यांत वर ठेवायला लावली, झाकण उघडेल अशी.

शेवटचा झाडू मारून बाई दाराशी आल्या, तर समोर ऑटो थांबला. ऑटोतून केशवराव उतरले. हसतमुख, कपाळाला गंध, हातात भली मोठी बॅग आणि बगलेत सुंभानं बांधलेली गादी. गादीच्या टोकाला पिवळा डाग, आणि त्या डागाचा आंबूस वास त्यांच्या आधी पायरी चढला.

"वहिनी, झालं गेलं सोडा बरं का. माणसं आपलीच," केशवराव म्हणाले. "आम्ही दोघं मुलाकडे चाललोय, अमेरिकेला. भाड्याची जागा सोडली. बाकीची सोय झाली, एवढंच राहिलंय. तुमच्याकडे आता जागाच जागा. ठेवाल ना? परत आलो की लगेच नेतो."

उदयरावांचा हात आपोआप पुढं झाला. बायकोकडे लक्ष गेलं तसा तो अर्ध्यावरच थांबला, पुढं जाईना की मागं येईना. ट्रकच्या दारात जब्बारभाई यादी धरून उभा, लिहू की नको असा. रंजनाबाईंनी पदर नाकाला लावला. गादीकडे बघितलं, नवऱ्याच्या लोंबत्या हाताकडे बघितलं. मग उंबऱ्यावरून बाजूला सरून त्यांनी मागचं रिकामं घर केशवरावांना हातानं दाखवलं आणि म्हणाल्या:

"ठेवा की भावजी, खुशाल ठेवा. इथंच ठेवा. जातोय ते फक्त आम्ही."