दाजींचे कान आणि तीस टक्के

सबंध नाशिक जिल्ह्यात खोटं बोलायला आमच्या दाजींइतका नालायक माणूस दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची तीस वर्षं गेली आणि तिथल्या सवयी ते रोज रिकाम्या डब्याबरोबर घरी घेऊन येतात. दाराची कडी तीनदा ओढून बघतील, गॅसचं बटण चारदा. ताईची भाकरी उजेडाकडे धरून "डाव्या अंगाला जाड आहे" असा शेरा मारतील आणि तशाच चार भाकऱ्या खातील. चेहरा असा कोरा, की हसले काय नि रागावले काय, शेजारच्याला पत्ता लागत नाही. घात करतात ते कान. दाजी काही लपवायला लागले की त्यांचे कान पाळीपासून वर लाल होत जातात. ताईला बघायला आले तेव्हा "पोहे छान झालेत" म्हणाले आणि आमच्या आईने कानांकडे बघून पोह्यांत मीठ जास्त पडल्याचं ओळखलं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, एकट्या दाजींना सोडून. त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. इतकं सोयीचं यंत्र कोण मुद्दाम बिघडवेल?

आणि या माणसाला नाद लागला तो पोकरचा! कॅन्टीनमध्ये पत्ते खेळताना दाजी कायम हरायचे, कारण चांगली पानं आली की समोरच्या तिघांना कानांवरून बातमी पोचायची. मग फोनवर तो खेळ आला. फोनला कान दिसत नाहीत. "इथं डोकं लागतं पाहुणे, नशीब नाय," ते मला म्हणाले. मी त्यांचा मेहुणा, त्यामुळे गेली अठ्ठावीस वर्षं त्यांचा पाहुणाच आहे. मखमलाबादकडे ताईचा शेवंतीचा मळा आहे; तिथल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खताच्या पोत्यावर बसून ते खेळत. ताई वाफ्यात, दाजी खोलीत, आणि मधे एक पत्र्याचं दार, ज्याची कडी तीनदा तपासलेली.

एवढा बंदोबस्त का, ते सांगायला हवं. आमच्या वडिलांनी एका उन्हाळ्यात नव्या मोटारीचे पैसे पत्त्यांत घालवले होते. ताई तेव्हा अकरा वर्षांची. तो सगळा उन्हाळा तिने विहिरीवरून घागरीने पाणी वाहून फुलझाडं जगवली. मी लहान म्हणून सावलीत बसून मोजत होतो, म्हणजे माझी कामाची पद्धत तेव्हापासून तीच आहे. ताईने लग्नानंतर घरात पत्त्यांचा जोड कधी येऊ दिला नाही.

आता माझा सहभाग. मला एकदा संगणकावर फाइल जोडता आली, तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांचे फॉर्म मी भरतो. दाजींचं आयकराचं विवरणही मीच भरलं. त्यात पोकरचे नव्वद हजार निघाले. पैसे काढताना खेळाच्या कंपनीने तीस टक्के कापून सत्तावीस हजार सरकारजमा केलेले. "हे कुठं दाखवायचं, दाजी?" मी विचारलं. दाजी म्हणाले, "पगाराच्या स्लिपवर आहे का? नाय ना? मग शेतीचं." आमच्याकडे हा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता आहे; पगार सोडून घरात जे काही येतं ते शेतीचं, मग ती जुन्या फ्रीजची किंमत का असेना. शिवाय खेळले मोटारीच्या खोलीत, म्हणजे जागाही मळ्याचीच. मला हा मुद्दा पटला, यावरून माझी योग्यता ओळखा. शेतीवर कर नाही, तेव्हा कापलेले सत्तावीस हजार परत मिळावेत असं मी लिहून टाकलं.

दाजींनी ताईला सांगितलं, "कारखान्यानं टॅक्स जास्त कापला होता, सत्तावीस हजार परत येतायत. तुझ्या ठिबकच्या नळ्या बदलू." ताई इतकी खूश झाली की कानांकडे बघायचंच विसरली. तिने जुन्या नळ्या उपटून बांधावर टाकल्या आणि दुकानदाराला एक जानेवारीचा दिवस दिला.

डिसेंबर संपता संपता आयकर खात्याचा निरोप आला, तोही माझ्या मेलवर, कारण फॉर्ममध्ये मी माझाच पत्ता घातला होता. ऑनलाइन खेळात जिंकलेली रक्कम विवरणात दिसत नाही. तपासून दुरुस्त करा. मुदत एकतीस तारखेपर्यंत. आम्ही द्वारकेच्या चौकाजवळ एका टायरच्या दुकानाच्या माडीवर बसणाऱ्या सीएकडे धावलो. त्याने कागद वाचले आणि चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं.

"शेती?"

"मळ्यात बसूनच खेळलो," दाजी म्हणाले. कान गुलाबी.

"काका, जिंकलेल्यावर सरसकट तीस टक्के. वर उपकर. परत काही येणार नाही, उलट हजार-ऐंशी भरायचेत."

"पण साहेब, आदल्या साली माझे एक लाख दहा हजार गेलेत! गारपिटीनं एका साली माल गेला तर पुढच्या साली धरतोच ना आपण?"

"पत्त्यातली गारपीट धरत नाहीत, काका. हरलेलं ना पगारातून वजा होत, ना पुढच्या वर्षी."

दाजींनी कागद उचलून उजेडाकडे धरले. खालून टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "म्हणजे जिंकलेलं सरकारचं आणि हरलेलं एकट्याचं." पुढच्या वर्षी भरून काढू म्हणावं, तर पावसाळ्यातच कायद्याने तो खेळ बंद झालेला.

एकतीसच्या दुपारी मी ताईच्या मळ्यातल्या घराच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलो. दुरुस्त विवरण भरलं, जिंकलेले नव्वद हजार त्यांच्या खऱ्या रकान्यात टाकले, हजार-ऐंशी भरले. आता शेवटचा सहा आकडी कोड हवा होता. तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि दाजींच्या आधारला मोबाइल जोडलाय ताईचा. दाजींची सूचना होती, की ताई फुलं तोडायला गेली की फोन उचलायचा. पण त्या दिवशी फोन तिच्या ओच्यात होता. ओच्यात टिंग वाजलं.

"कसला कोड?" ताई दारात उभी. हात शेवंतीने पिवळे झालेले. "पैसे आले का?"

मी दाजींकडे पाहिलं, दाजींनी उठून दाराची कडी तपासली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ओढलीच नाही, हात तिथेच राहिला.

"कारखान्याचं थोडं..." त्यांनी सुरुवात केली.

ताईची नजर त्यांच्या कानांवर गेली. असे लाल कान मी जन्मात पाहिले नव्हते. ती माझ्याकडे वळली. "बाळ्या, तू सांग." मला कान लाल करायची सोय नाही, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. मोटारीची खोली, नव्वद हजार, शेतीचा रकाना, आणि नळ्यांचे पैसे येणार नाहीत हेसुद्धा.

ताई ओट्याच्या कडेला बसली. बांधावर जुन्या नळ्यांचं वेटोळं पडलेलं दिसत होतं. कोडची मुदत संपली, मी दुसरा मागवला. पुन्हा टिंग वाजलं. तिने फोनला हात लावला नाही.

"जिंकलेले सांगितलेत," ती दाजींना म्हणाली. "गेले किती?"

सरकारने हे विचारलं नव्हतं. सीएने ऐकून घेतलं होतं, पण त्याच्या फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती. मी तर विवरण भरताना विचारायचं टाळलंच होतं.

"एक लाख दहा हजार," दाजी म्हणाले. "आदल्या साली. ते भरून काढायलाच पुढं खेळलो." आणि मी बघत होतो, कानांची लाली हळूहळू उतरायला लागली.

ताईने पदराने हात पुसले, चष्मा लावला आणि एकेक आकडा सुटा सुटा वाचला. मी सहाही आकडे बरोबर टाकले. आयुष्यात एवढं बरोबर मी दुसरं काही केलेलं नाही. मग ती उठली, बांधावरच्या नळ्या ओढत अंगणात घेऊन आली आणि दाजींपुढे टाकल्या. "भोकं शोधा. तपासणी खातं ना तुमचं?" चार दिवस दाजी एकेक नळी पाण्याखाली धरून भोकं बुजवत बसले होते. त्यातल्या निम्म्या अजून चालू आहेत.

महिन्याभराने ताई बाजारातून पत्त्यांचा जोड घेऊन आली. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. "खेळायचंच असेल तर माझ्यासमोर," एवढंच म्हणाली. आता चहानंतर दोघं ओट्यावर रमी खेळतात. पैसे नाहीत, हरेल त्याने शेवंतीच्या गड्ड्या बांधायच्या. रोज दाजीच बांधतात. कारखान्यातल्या इंजिनांनी त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, पण लाल व्हायला त्या कानांची अजून काही तक्रार नाही. परवा मी गेलो तेव्हा ताई आत चहा टाकत होती. दाजींनी हातातला दोरा ठेवून मला जवळ बोलावलं आणि त्यांना कुजबुज वाटेल अशा मोठ्या आवाजात विचारलं, "पाहुणे, हिला माझी पानं कळतात तरी कशी हो?"

आतलं कपबशांचं वाजणं थांबलं. मी दाजींच्या कानांकडे पाहिलं.

"नशीब, दाजी," मी म्हणालो, "दुसरं काय?"