जाळी पायाशी ठेवलेलं चित्र

चाकणच्या एका, प्रेसच्या यंत्रांवर पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कंपनीत मालोजी मांडेकरला यंत्रापेक्षा पेन्सिलीमुळं जास्त ओळखत. कुठं अपघात झाला की तो चार चौकटींत रेखाटायचा आणि सेफ्टी बोर्डावर लावायचा, हे काम एकोणीस वर्षं त्याच्याकडं होतं. तेलावर घसरलेला पाय, डोळ्यात उडालेली ठिणगी, शेवटी पट्टी बांधलेला माणूस. चित्राखाली सही असे ती मंजुरी देणाऱ्या साहेबाची. तरी जेवणाच्या सुट्टीत बोर्डापुढं गर्दी होई. "मामा, माझं नाक एवढं हाय व्हय?" कुणी विचारी, आणि मालोजी टाळ्या घेणाऱ्या नटासारखी मान तुकवी.

मग प्रेसमध्ये सुजितच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. परभणीकडचा, कंत्राटावरचा, पंचविशीतला गडी. प्रेसपुढची संरक्षक जाळी आठवडाभर दुरुस्तीला गेलेली आणि काम तसंच रेटलेलं, हे सगळ्या लाइनला ठाऊक होतं. मालोजीलाही होतं. पण जाळी जागेवर दाखवली तर मागचा हात दिसत नाही, म्हणून चित्रात तो नेहमीच ती माणसाच्या पायाशी टेकवून दाखवी. सुजितचा अपघात रेखाटतानाही हात सवयीनं चालला. जी जाळी तिथं नव्हतीच, ती सुजितच्या पायाशी येऊन बसली.

चौकशीच्या कागदांना ते चित्र जोडलं गेलं. खाली लिहिलं होतं, कामगाराने जाळी स्वतः बाजूला केल्याचे दिसते. सुजितला कामावरून काढलं.

कंपनीच्या गेटवर सुजितनं मालोजीला गाठलं. हाताला पांढरं बँडेज. "मामा, तुम्हाला तर माहीत होतं," एवढंच बोलला. त्यानं शिवी दिली असती तर मालोजीला घास तरी गिळता आला असता.

काहीतरी बिनसलंय हे घरी मुलगी तनुजानं ओळखलं. ती निगडीच्या लायब्ररीतून जाड जाड चित्रकथा आणायची, तिनं त्या पुढ्यात ठेवल्या. एकीत एक बाई आपल्या बापाचं आजारपण पानामागून पान रेखाटत होती. एकीत शब्दच नव्हता, नुसता कोळशाचा काळोख आणि बुडालेलं गाव. एकीत तुरुंगातली माणसं, एकीत कुण्या पोरीची शाळेतली लाज.

"ह्याला बी चित्रकथाच म्हणत्यात?"

"हो आण्णा. आता यात सगळं येतं."

"आन् काढणाऱ्याचं नाव पयल्याच पानावर."

पुढचे सगळे रविवार मालोजी वही घेऊन चित्रं काढत बसला. सव्वीस पानं झाली. एका पानावर सहा चौकटी, सहाही सारख्या: उघडी प्रेस, जाळी नाही, फक्त भिंतीवरची तारीख बदलत गेलेली. शेवटच्या पानावर तो स्वतः, वाकून, खोटं चित्र रेखाटताना. पहिल्या पानावर स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि वही चौकशीच्या साहेबापुढं ठेवली.

साहेबानं चाळली. "हात चांगला आहे हो तुमचा. पण चित्राला पुरावा कसं म्हणणार?"

"पयलं धरलं की, साहेब."

"ते बोर्डावर लागलेलं होतं. मंजुरी होती त्याला." वही परत सरकली. "पेन्शनला किती वर्षं राहिली तुमची? जा, लाइन सुरू झाली."

सुजित गावी परतायला खोलीवर बोचकं बांधत होता, एका हातानं आणि दातांनी. मालोजीनं वही दिली, साहेब काय म्हणाला ते सांगितलं. सुजितनं डाव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक पान उलटलं. सहा चौकटींवर बराच वेळ थांबला.

"माझं तोंड कुठंच दाखवलं नाही, मामा."

"न्हाई जमलं."

"बरं केलं. आईला दाखवीन. ती म्हणती, तुझाच हलगर्जीपणा."

त्यानं वही कपड्यांच्या मधोमध घातली आणि गाठ मारायला बोचक्याची टोकं मालोजीकडं केली. मालोजीनं ती मारली, घट्ट.