झाडाचा परकर

आमच्या खोलीतल्या चिंध्या रोज झाडून टाकतो, किस्से मात्र तिथंच साचतात!

भिवंडीजवळच्या शेलारला माझं छोटं शिलाई युनिट आहे. कटिंगला सलीमचाचा, शिलाईला मंदावहिनी. परदेशी घरांच्या सजावटीचा माल शिवायचा, त्यामुळे आमच्याकडे ख्रिसमस ऐन गणपतीत सुरू होतो.

*

पहिल्या वर्षी सँपल आलं. लाल मोजा, वर पांढरी फर. भिंतीवर टांगायचा, एकटाच. मी लग्नाला गेले होते. परत येऊन बघते तर वहिनींनी सगळे जोडीनं शिवलेले. डावा-उजवा!

"अहो, एकेकच हवा होता!"

"आनी दुसरा पाय उघडा? तिकडं थंडी हाय ना!"

*

झाडाच्या बुंध्याभोवती पसरायचं गोल कापड, त्याला म्हणतात ट्री स्कर्ट. मी चाचांना समजावलं, "झाडाचा परकर समजा."

चाचांनी नेफा काढून नाडी ओवली!

मुंबईच्या एजंट मॅडम बघायला आल्या. मला देव आठवले. मॅडमनी नाडी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. "वा, ॲडजस्टेबल!"

चाचा गंभीरपणे म्हणाले, "गिरना नहीं चाहिए, मॅडम. झाड की भी इज्जत होती है."

*

सांताच्या बाहुल्यांच्या गालावर काळ्या दोऱ्याचा ठिपका दिसला. प्रत्येकीच्या!

"वहिनी, हे काय?"

"तीट. येवढा गोरा, गुटगुटीत म्हातारा. दृष्ट न्हाय लागनार?"

मी सगळे ठिपके उसवायला लावले. त्याच दुपारी मशीनची मोटर जळाली. वहिनींनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

*

एकदा खिडकीवर लावायची कापसाची झालर होती. बर्फ म्हणून.

वहिनी आमच्या खिडकीकडे बघत राहिल्या. शेजारच्या पॉवरलूमचा उडालेला कापूस तिथं बारा महिने बसलेला असतो. म्हणाल्या, "आपन झाडून मरतो, आनी लोक इकत घेऊन लावतात!"

*

आमच्या ओळखीच्या फिलू आंटी भिवंडीत एकट्या राहतात. अंकल गेले त्या वर्षी त्यांनी सांगितलं, "यंदा नाताळचं नाय करायचं काय. झाड तुमचे अंकलच आणायचे."

नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं उरलेल्या लेस, जरीच्या पट्ट्या, घुंगरांची पिशवी घेऊन थेट घरात घुसलो. दारांना तोरणं झाली, फ्रिजला झालर झाली. झाडाचं काय?

नेमकी लाइट गेली. कोपऱ्यात उंच स्टँडचा पंखा बंद पडला. वहिनींनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि डोक्यापासून पायापर्यंत त्याला पिशवीतली हिरवी जाळी गुंडाळली. चाचांनी लेस सोडली, मी घुंगरं बांधली. लांबून अगदी झाड!

आंटींनी अंकलच्या हातचा जुना तारा कपाटातून काढला, वर टाचला, आणि तिथंच उभ्या उभ्या रडायला लागल्या. चाचा खिडकीतून बाहेर बघायला लागले.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "आंटी, सनासुदीचं असं रडायचं असतंय का?"

आणि लाइट आली!

झाडानं सावकाश मान डावीकडून उजवीकडे फिरवली. मग उजवीकडून डावीकडे. घुंगरं वाजवत.

आंटी बघतच राहिल्या. मग पदरानं डोळे पुसून झाडाला म्हणाल्या, "बरं बाबा, नाय रडत!"