चाळीस वर्षांनी पाण्यात

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून पोरीनं आम्हा दोघांना नाशिककडच्या एका वाइनवाल्या रिसॉर्टात दोन दिवस पाठवलं. राळेगावहून एसटीनं वर्ध्याला, तिथून रेल्वेनं. खोलीच्या गॅलरीतून पाहावं तिकडे द्राक्षाच्या वेली. आमचे हे कपाशीवाले. पलंगावर बसायच्या आधी त्यांनी चादर बोटांत चोळून पाहिली, "लांब धाग्याचा कापूस हाय," म्हणाले, मग बसले.

माझं ध्यान मात्र खाली पोहायच्या तलावावर. माहेर माझं वर्धा नदीच्या काठचं, आम्ही पोरी डोहात धारेला आडव्या पोहायचो. सासरी आल्यावर ते सुटलं ते सुटलंच. इथंही नुसतं पाहून परतले असते तर मग ते कायमचंच राहिलं असतं.

जेवणाआधी घोट-घोट वाइन चाखायला दिली. ह्यांनी कवठ खाल्ल्यासारखं तोंड केलं. मला मात्र दोन घोटांतच धीर आला.

"मले त्या तलावात पोहाचं हाय," मी म्हटलं.

"तुले पोहता येते?"

"येते."

"चाळीस वर्षांत बोलली नाही ते?"

"तुमी कधी इचारलं?"

"बुढे, लोक काय म्हणतीन? अन् साडी नेसून उतरू देत नाही, पाटी हाय तिथं."

पाटी खरंच होती. दुसऱ्या दिवशी मालिशला नेलं तरी मी फुगलेलीच.

"आजी, खांदे किती आखडलेत तुमचे," मालिशवाली पोरगी म्हणाली.

मला तर बोलायला कोणी हवंच होतं, सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, पोहायचा अंगभर ड्रेस इथल्याच दुकानात मिळतो. बाजूला आमचे हे पालथे पडलेले, अंगभर तेल. वाटलं झोपले.

"पायापर्यंत असते का तो?" पालथ्यानंच विचारलं.

मी समजले, काम झालं.

तो काळा ड्रेस घालून बाहेर आले तर हे मोठा पांढरा टॉवेल दोन्ही हातांनी ताणून उभे. लग्नात अंतरपाट धरतात तसा तो धरून, खुर्च्यांवरच्या लोकांकडे पाठ करून, मला पाण्यापर्यंत आडोसा करत नेलं. मला इतकं हसू येत होतं की पायरीच दिसेना. उतरले. पहिल्यांदा नाकात पाणी गेलं, मग हातापायांना आपोआप आठवलं. या टोकाहून त्या टोकाला गेले, परत आले. दम लागला, पण काय सांगू, अंगाला वजनच नव्हतं.

काठावर येऊन पाहते तर टॉवेल खुर्चीवर, अन् हे हाफपँटीवर कमरेइतक्या पाण्यात उभे.

"मले शिकव," म्हणाले.

चाळीस वर्षांत ह्यांनी चारचौघांत माझा हात कधी धरला नव्हता. बाजारातही दहा पावलं पुढे चालणार. अन् आता पाय तळावरून सुटले तसे दोन्ही हातांनी माझी मनगटं अशी गच्च धरली की माझ्या बांगड्या रुतल्या.

"सोडजो नको वो," हे म्हणाले.

"लोक पाहून राह्यले ना," मी म्हटलं.

"पाहू दे. तू सोडू नको."