म्हादेवा, बा

माझा बा देवाची नावं सोडवायचा. 'सोडवणं' हा शब्द त्याचाच, जन्मभर वर्गात गणितासाठी वापरलेला. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर तो दर सोमवारी संध्याकाळी गावातल्या महादेवाच्या देवळात बसायला लागला. आमच्या कोहिनूर गावच्या आसपासची चार-दोन माणसं यायची, एखादं नाव त्याच्यापुढं टाकायची आणि बा ते फोडून दाखवायचा. शंकर म्हणजे शं करणारा, भलं करणारा. सांब म्हणजे अंबेला सोबत घेऊन असणारा. हर म्हणजे हरण करणारा. "पाप नेतो म्हणतेत," बा म्हणायचा, "पर नावात पाप कुठं लिवलंय? काय न्यायचं ते त्याचं त्यो ठरवतो."

मला या सगळ्याचा कंटाळा होता. दिवसभर विहिरींवरच्या मोटारी खोलून झाल्यावर आणखी देवाची नावं खोलत बसायची हौस मला नव्हती. माझी धाकटी बहीण मात्र लहानपणापासून बाच्या पुढ्यात बसायची. नाव सोडवून झालं की "अजून एक अर्थ ऱ्हायलाय" म्हणून त्याला डिवचायची. बा चिडायचा नाही, उलट मिशीत हसायचा. माझ्याशी बोलताना तो असा कधी हसला नाही, आणि ते मला लागायचं.

त्याच्या सगळ्यांत लाडक्या अर्थाला तर पोथीचाही आधार नव्हता. आमच्या जत्रेत पालखी उठली की लोक ओरडतात, "म्हादेवा, बा!" गावात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात. मराठी माणसाला त्यात बाप ऐकू येतो; आम्हीही वडिलांना बाच म्हणायचो. कानडीत मात्र 'बा' म्हणजे ये. शेजारी शेजारी उभे राहून एकजण देवाला बाप म्हणतो, दुसरा त्याला बोलावतो, आणि आरोळी एकच. "देवाला दोन्ही ऐकू येतंय," बा सांगायचा, "म्हणून तर त्यो देव." हे सांगताना बहिणीचे ओठही त्याच्याबरोबर हलायचे, इतकं तिला ते पाठ होतं.

तिला आळंद तालुक्यात दिली, कडगंचीच्या अलीकडं. घर निव्वळ कानडी. सासूला फोनवरचं मराठी खपायचं नाही. सून आपल्या तोंडावर आपल्याच चहाड्या सांगते, असा तिचा ग्रह. म्हणून बहीण आमच्याशी कानडीतून बोलायची, तेही सासू शेजारी बसलेली असताना. आम्ही काय केलं? काही नाही. "मानसं जरा कडक हायेत, व्हईल हळूहळू," असं म्हणून सोडून दिलं. बासुद्धा तेच म्हणाला.

तिला सातवा महिना लागला होता. एका सोमवारी दिवस कलताना तिचा फोन आला. मी दुकानात होतो, मोटार अर्धी उघडून पडलेली, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. ती कानडीतून बोलत होती. मी कसा आहे, अप्पा, म्हणजे आमचा बा, कसा आहे, तुरीला फुलोरा आला का. मी मराठीतून भराभर उत्तरं देत होतो. तिचा आवाज खोल गेलेला.

"तब्येत बरी हाय न्हवं?" मी विचारलं.

ती बारीक आवाजात म्हणाली, "बा." थोडं थांबून पुन्हा, "बा... बा..."

"बा देवळात गेलाय," मी म्हणालो. "आला की सांगतो, तू आठवण काढायलतीस म्हून."

पलीकडं सासूनं काहीतरी विचारलं आणि फोन बंद झाला. "बहीण व्हय?" गिऱ्हाइकानं विचारलं. "व्हय, बापाची लाडकी," मी म्हणालो आणि पुन्हा मोटारीत हात घातला. बाला सांगायचंही विसरलो.

बुधवारी तिच्या दिराचा फोन आला, गुलबर्ग्याच्या दवाखान्यात या म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. कावीळ. पंधरा दिवस सासूनं झाडपाल्यावर काढले होते. फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. तिनं आम्हाला ओळखलं नाही. गुरुवारी दुपारी ती गेली, पोटातल्या लेकरासकट. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. सासरच्या शेतात तिला बसवलं, कपाळाला विभूती लावली, बानं माती टाकली.

घरी आल्यावर बा ओट्यावर बसला तो बसलाच. दोन दिवस जेवला नाही, बोलला नाही. मला ते बघवेना. त्याला काहीतरी द्यावं, निदान एखादा शब्द, म्हणून मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"बा, सोमवारी तिचा फोन आलता. तुझीच आठवण काढायलती. सारखं बा, बा म्हणायलती."

बानं मान वर केली. पोरानं पाटीवर लिहिलेलं उत्तर मास्तरानं बघावं तसा तो माझ्याकडं बघत राहिला.

"कोण्या भाषेत बोलायलती?" त्यानं विचारलं.

आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कानडीतून बोलताना ती बापाला अप्पा म्हणायची. त्या फोनवरही आधी अप्पाच म्हणाली होती. तिला बाप हवा असता तर पुन्हा अप्पाच म्हणाली असती. ती मला ये म्हणत होती. माहेरी ही बापाला बा म्हणते, हे सासूला ठाऊक होतं; तिला त्यात बापच ऐकू आला असता. तिच्यासमोर उघड उच्चारता येईल असं बोलावणं म्हणून तिच्याजवळ तेवढं एकच अक्षर होतं. बाकीचं अण्णा, म्हणजे मी, सोडवेल, असा तिचा भरवसा. सगळा फोन मी कानडीत ऐकला आणि नेमकं तेवढं अक्षर मराठीत. त्याच संध्याकाळी निघालो असतो तर दिवेलागणीनंतर तिच्या दारात असतो.

"मराठीत," मी बाला सांगितलं.

"सासू न्हवती जवळ?"

"न्हवती."

बानं आत आईला हाक मारली. "आयकलीस का? शेवटाला पोरीच्या तोंडात माझं नाव होतं." आई आतूनच हंबरडा फोडून रडली. त्या दिवशी बा दोन घास जेवला.

त्याला तीन वर्षं झाली. देवळातली बैठक बंद झाली ती झालीच. पण कोणी भेटायला आलं की बा हेच सांगतो, शेवटाला माझं नाव होतं, आणि साक्षीला माझ्याकडं बघतो. मी मान हलवतो. मला स्वतःची किळस येते, तरी हलवतो. जन्मभर त्यानं दुसऱ्यानं सोडवलेलं एकही नाव स्वतः पडताळल्याशिवाय मान्य केलं नव्हतं. हे एवढं माझ्याकडून जसंच्या तसं घेतलं, आणि पुन्हा कधी काही विचारलं नाही.